गावाबाहेरचे रोहित्र



गावात शिरताना वेशीजवळ किंवा ओढ्याच्या काठी, दोन खांबांच्या मधोमध चढवलेली एक लोखंडी पेटी तुम्ही रोज पाहता. तिच्या अंगाला नळ्या किंवा पत्र्याच्या पंखड्या असतात, डोक्यावर चिनी मातीचे विटकरी खुंट असतात, आणि जवळून गेले की आतून मंद घूं-घूं ऐकू येते. कोणी तिला डी.पी. म्हणतात, कोणी ट्रान्सफॉर्मर म्हणतात. सरकारी कागदात तिचे नाव 'रोहित्र' असे आहे. ती नीट चालू असते तोवर तिच्याकडे ढुंकून कोणी पाहत नाही. गव्हाला ऐन पाण्याची पाळी द्यायची आणि त्याच रात्री डी.पी. जळावी, असे झाले म्हणजे मात्र सारे गाव तिच्याभोवती जमते. मग कोणी कंपनीला शिव्या देतो, कोणी नशिबाला.

त्या पेटीत चालते तरी काय, आणि ती जळते का, हे आज आपण समजून घेऊ. शिक्षकमंडळींसाठी वाटेत एक प्रयोगही सांगेन. त्याला लागणारा खर्च फार नाही.

पहिला प्रश्न असा की ही पेटी मुळात हवी कशाला? वीजघरापासून तार ओढली आणि थेट मोटारीला जोडली, तर काय बिघडले? बिघडते ते असे. विजेच्या बाबतीत दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक प्रवाह आणि दुसरा दाब. प्रवाह अँपियरमध्ये मोजतात, दाब व्होल्टमध्ये. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती मिळते, आणि ती वॅटमध्ये मोजतात. आता तार म्हटली की ती प्रवाहाला थोडाफार विरोध करणारच. त्याला रोध म्हणतात. या रोधामुळे तार तापते, आणि हे तापणे प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट, तिप्पट केला की नऊपट. ही 'वर्गाची' गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. पुढे डी.पी. जळते तेव्हा हाच हिशेब पुन्हा करावा लागणार आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाच अश्वशक्तीचे दोन पंप चालतील एवढी, म्हणजे १०,००० वॅट वीज आपण एका टोकाकडून सोडली. दाब ठेवला २०० व्होल्ट, तेव्हा प्रवाह झाला ५० अँपियर. तारेचा जाऊन-येऊन रोध २ ओहम आहे असे धरा. तारेत वाया जाणारी शक्ती किती? ५० गुणिले ५० गुणिले २, म्हणजे ५,००० वॅट. निम्मी वीज वाटेतच संपली! शिवाय पलीकडच्या टोकाला दाब उरला फक्त १०० व्होल्ट. त्यावर मोटार काय चालणार?

आता तेच १०,००० वॅट २,००० व्होल्ट दाबाने सोडा. प्रवाह फक्त ५ अँपियर लागेल. तारेतली नासाडी ५ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे अवघे ५० वॅट. तार तीच, अंतर तेच, वीजही तेवढीच. दाब दहापट केला आणि नासाडी शंभराव्या हिश्श्यावर आली.

म्हणून वीज लांब न्यायची तर मोठ्या दाबाने न्यावी लागते. आपल्या महाराष्ट्राने हे फार लवकर पाहिले. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. घाटमाथ्यावरच्या तळ्यांचे पाणी नळांतून खाली सोडायचे, त्यावर जनित्रे फिरवायची आणि ती वीज सुमारे सत्तर किलोमीटर दूर न्यायची, अशी ती योजना होती. वाहिनीवरचा दाब होता एक लाख व्होल्ट. पुढे १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, ती दोन लाख वीस हजार व्होल्टच्या वाहिन्यांवरून मुंबईकडे गेली.

पण एक लाख व्होल्टचा दाब कोणी घरात आणत नाही. जनित्रातून वीज निघते ती काही हजार व्होल्टची. ती वाटेला लावताना दाब चढवायला हवा आणि मुक्काम जवळ आला की टप्प्याटप्प्याने उतरवायला हवा. सगळी अडचण इथेच होती. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजघर उघडले, ते एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे एकदिश प्रवाहाचे होते. दाब ११० व्होल्टच्या आसपास. दिवे उत्तम लागले, पण वीज जेमतेम मैलभराच्या टापूत पोचे. एकदिश प्रवाहाचा दाब चढवण्याउतरवण्याची सोपी युक्ती त्या वेळी कोणापाशी नव्हती.

ती युक्ती खरे तर पन्नास वर्षे आधीच एका प्रयोगात दिसून गेली होती. १८३१ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने नरम लोखंडाचे एक कडे घेतले. बाहेरून मोजले तर सहा इंच व्यासाचे. त्याच्या एका बाजूला त्याने तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळले आणि समोरच्या बाजूला दुसरे. दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांशी तारेने काहीही संबंध नाही, मध्ये फक्त लोखंड. पहिले वेटोळे त्याने बॅटरीला जोडले. दुसऱ्याची तार चुंबकसूचीवरून नेली. बॅटरी जोडताक्षणी सूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी जोडलेली, पहिल्या वेटोळ्यात प्रवाह चालू, पण सूची शांत. बॅटरी तोडली, त्या क्षणी सूची पुन्हा हलली, या वेळी उलट बाजूला.

याचा अर्थ नीट पाहा. पहिल्या वेटोळ्यातल्या प्रवाहाने लोखंडात चुंबकत्व येते. ते चुंबकत्व नुसते असून भागत नाही. ते बदलते आहे तोवरच दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. बदल थांबला की वीज थांबली.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. हाताच्या करंगळीपेक्षा जाड असा लांब लोखंडी बोल्ट घ्यावा. त्यावर कागद लपेटून लाखेची तांब्याची तार दोनशे-तीनशे फेरे गुंडाळावी, आणि तिच्यावर तेवढेच फेरे दुसऱ्या तारेचे घालावेत. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ही तार मिळते. टोके खरवडून लाख काढायला विसरू नये. दुसऱ्या वेटोळ्याची टोके लांब नेऊन होकायंत्राभोवती गुंडाळलेल्या चाळीस-पन्नास फेऱ्यांना जोडावीत. होकायंत्र बोल्टपासून दोन हात दूर हवे, नाहीतर बोल्टचे चुंबकत्वच त्याला थेट ओढील आणि मुलांची फसगत होईल. मग पहिल्या वेटोळ्याला टॉर्चचा एक सेल क्षणभर लावावा आणि काढावा. सूचीला बसणारा झटका लहान असतो. मुलांना जवळ बसवून बारकाईने पाहायला सांगावे. या प्रयोगाला सेलच वापरायचा. घरातल्या प्लगाशी त्याचा कसलाही संबंध येऊ द्यायचा नाही.

आता तुमच्या ध्यानात आले असेल. सेल सारखा जोडत-तोडत बसलो, तर दुसऱ्या वेटोळ्यात सारखी वीज येत राहील. पण हाताने किती वेळा तोडणार? त्यापेक्षा पहिल्या वेटोळ्यात असा प्रवाह सोडावा की जो स्वतःच सतत बदलतो. अशा प्रवाहाला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. नाव जड आहे, वस्तू साधी आहे. एकदा इकडे, एकदा तिकडे, असा उलटसुलट जाणारा हा प्रवाह. चुंबक आणि वेटोळे एकमेकांसमोर फिरवत ठेवले की जनित्रातून तो आपोआपच असा निघतो, कारण चुंबकाची एकदा उत्तर बाजू समोर येते, एकदा दक्षिण. आपल्याकडे तो सेकंदाला ५० फेऱ्या करतो, म्हणजे सेकंदात शंभर वेळा दिशा बदलतो.

बरं, जी वीज पुढे गेली ती लगेच मागे येते, तर मग आपल्याला मिळाले काय, असे कोणी विचारील. लाकूड कापायची दोघांची मोठी करवत आठवा. एक जण ओढतो, मग दुसरा ओढतो. संध्याकाळपर्यंत करवत कुठेही गेलेली नसते, पण ओंडका कापून झालेला असतो. काम घडते ते करवत हलण्यामुळे. तिने कुठे पोचण्याची गरज नसते. मोटारीचे आणि दिव्याचेही तसेच.

फॅरडेचे कडे आणि हा उलटसुलट प्रवाह यांची गाठ पडली की झाले रोहित्र. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, देरी आणि ब्लाथी या तिघा अभियंत्यांनी बंद लोखंडी गाभ्याचे रोहित्र तयार केले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन या गावी रोहित्रे लावून दिवे पेटवून दाखवले. पहिल्या वेटोळ्याला २,००० फेरे आणि दुसऱ्याला १०० फेरे दिले, तर दाब विसाव्या हिश्श्यावर उतरतो. जोडणी उलटी केली तर वीसपट चढतो. हलणारा भाग एकही नाही, घासणारे काही नाही, आणि चांगल्या रोहित्रात शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग वीज पलीकडे पोचते.

मात्र दाब वाढला म्हणून वीज वाढली असे समजू नका. पहारीने धोंडा उचलताना तुम्ही लांबच्या टोकाला हातभर दाबता आणि धोंडा चार बोटे उचलला जातो. जोर वाढला, पण अंतर घटले. रोहित्र हीच विजेची पहार आहे. दाब उतरला की प्रवाह वाढतो, दाब चढला की प्रवाह घटतो, आणि गुणाकार जवळपास तेवढाच राहतो. गावातले '१०० केव्हीए'चे रोहित्र पाहा. वरून ११,००० व्होल्टच्या तीन तारा येतात. पूर्ण भाराला त्या प्रत्येकीतून फक्त सव्वापाच अँपियर वाहतात. खाली दाब होतो ४३३ व्होल्ट आणि प्रत्येक तारेत प्रवाह होतो १३३ अँपियर. म्हणून तर वरच्या फ्यूजची तार बारीक असते आणि खालून निघणाऱ्या केबली अंगठ्याएवढ्या जाड.

पेटीच्या आतल्या रचनेतली एकच गोष्ट सांगतो. गाभा अखंड लोखंडाचा नसतो. तो कागदासारख्या पातळ, एकमेकांपासून विलग ठेवलेल्या पोलादी पत्र्यांची चळत असतो. अखंड ठोकळा ठेवला, तर बदलत्या चुंबकत्वाने त्या ठोकळ्यातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि तो उगाच तापतो. या पत्र्यांचे चुंबकत्व बदलताना त्यांची लांबी अगदी किंचित कमीजास्त होते, सेकंदाला शंभर वेळा. तीच ती घूं-घूं. गाभा आणि वेटोळी तेलात बुडवलेली असतात. हे तेल वीज अडवते आणि आतली उष्णता नळ्यांपर्यंत आणून सोडते. तेल चोरून नेणारा चार डबे तेलापुरता फायदा करून घेतो आणि तीस-चाळीस शेतांचे पाणी तोडतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

आता जळण्याकडे येऊ. रिकाम्या रोहित्राच्या पहिल्या वेटोळ्याला ११,००० व्होल्ट लावले तरी त्यातून नाममात्रच प्रवाह वाहतो. कारण बदलते चुंबकत्व फक्त दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण करते असे नाही. पहिल्या वेटोळ्यातही करते, आणि ती येणाऱ्या दाबाला उलट ढकलते. (एकदिश प्रवाहात हा उलट दाबच नसतो. म्हणून रोहित्राला एकदिश वीज जोडली तर ते दाब बदलत नाही, नुसते जळते.) पलीकडे मोटारी सुरू झाल्या की दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह गाभ्याचे चुंबकत्व कमी करू पाहतो, उलट ढकलणारा दाब जरासा ढिला पडतो, आणि पहिले वेटोळे वरून तेवढाच जास्त प्रवाह ओढून घेते. एक मोटार लावा, एका मोटारीपुरता. दहा लावा, दहापुरता. हा सारा कारभार आपोआप होतो, आणि त्यातच धोका आहे. रोहित्राला 'नाही' म्हणता येत नाही. मागाल तेवढे ते देत राहते आणि आतून तापत राहते.

पाच अश्वशक्तीची मोटार साधारण आठ अँपियर घेते. १०० केव्हीएच्या रोहित्रावर अशा सोळा-सतरा मोटारी एका वेळी चालू शकतात. रात्री वीज आली आणि पंचवीस जणांनी एकदम स्टार्टर दाबले, तर प्रवाह होतो दीडपट. मघाचा वर्गाचा हिशेब करा: वेटोळ्यातली उष्णता सव्वादोनपट. त्यात आकडे टाकलेल्या मोटारी वेगळ्याच. त्या कोणाच्या वहीत नसतात. प्रवाह वाढला की तारेत दाब जास्त खर्च होतो, म्हणून टोकाच्या शेतात व्होल्टेज पडते. आणि गंमत अशी की व्होल्टेज पडले म्हणून पंपाची मोटार कमी प्रवाह घेत नाही. तिला तेवढेच पाणी उचलायचे असते, म्हणून ती उलट जास्त प्रवाह ओढते. त्याने दाब आणखी पडतो. हे दुष्टचक्र फ्यूज तोडू शकतो, कारण त्यासाठीच तो आहे. पण वारंवार उडतो म्हणून कोणी त्याच्या जागी जाड तारेचे चार पदर पिळून बसवले, तर मग जळण्यासाठी वेटोळेच उरते. तारेवरच्या पातळ आवरणाचा कोळसा होतो, फेऱ्याला फेरा चिकटतो, आणि सकाळी पेटीखाली तेल सांडलेले दिसते.

मोटारीला कॅपॅसिटर लावा असे वीज कंपनी सांगते, त्याचे कारणही यातच आहे. मोटारीला पाणी उचलण्याखेरीज स्वतःच्या लोखंडात चुंबकत्वही उभे करावे लागते. त्यासाठी ती वीज उसनी घेते आणि लगेच परत करते. सेकंदाला शंभर वेळा ही देवघेव चालते. शेजाऱ्याकडून विळा आणावा, परत द्यावा, पुन्हा आणावा, तसे. विळा खर्च होत नाही, पण रस्त्यावरची ये-जा होते. तारेत ती ये-जा म्हणजे प्रवाहच, आणि त्यानेही तार तापते. कॅपॅसिटर म्हणजे घरातच ठेवलेला विळा. देवघेव मोटारीपाशीच होते आणि रोहित्रावरचा तेवढा भार उतरतो. रोहित्राच्या पाटीवर वॅट न लिहिता 'केव्हीए' लिहितात तेही एवढ्यासाठीच. प्रवाह कामाचा असो की ये-जा करणारा, वेटोळ्याला तापायला दोन्ही सारखेच.

कॅपॅसिटर शेतकरी लावतो आणि वर्षभराने तो बंद पडलेला असतो, हे मला ठाऊक आहे. तो शाबूत आहे की नाही हे रिवाइंडिंगवाला पाच मिनिटांत पाहून देतो.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याशी माणसांच्या जिवाचा संबंध आहे. पहारीचे कोणतेही टोक दाबता येते. रोहित्राचेही तसेच. वरून ११,००० व्होल्ट दिले तर ते खाली उतरवते. खालून वीज दिली तर तेच रोहित्र ती वर चढवते. समजा, लाइन गेली आहे. वायरमनने पलीकडचा स्विच पाडला आहे आणि तो खांबावर चढला आहे. त्याच वेळी कोणी शेतावर किंवा लग्नघरात भाड्याचे जनित्र आणले आणि मधला मुख्य स्विच न पाडता ते घराच्या वायरिंगला जोडले. जनित्राची २३० व्होल्ट वीज सर्व्हिसवायरमधून मागे डी.पी.कडे जाते. एवढ्या लहान जनित्राने गाव ओढणार नाही, ते आपोआप बंद पडेल, असे कोणी म्हणेल. पण वीज गेली की मोटारींचे स्टार्टर बहुतेक आपोआप सुटतात. ओढायला समोर कोणी नसते, असते ते फक्त रिकामे रोहित्र, आणि रिकाम्या रोहित्राला नाममात्र प्रवाह पुरतो हे आपण पाहिलेच. मग वरच्या, 'बंद' समजल्या जाणाऱ्या तारांवर काही हजार व्होल्ट उभे राहतात.

छपरावरच्या सौर पाट्यांची वीज जिथे कंपनीच्या तारांना जोडलेली असते, तिथे ती यंत्रणाच अशी बनवतात की बाहेरची लाइन गेली की तीही थांबते. भाड्याच्या जनित्राला अशी अक्कल नसते. त्यासाठी चेंजओव्हर स्विच मिळतो. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, कंपनीकडे किंवा जनित्राकडे; दोन्हींकडे एकदम बसूच शकत नाही. तो बसवायला कोणताही परवानाधारक वायरिंगवाला चालतो.

काम सुरू करण्यापूर्वी जाणता वायरमन साखळ्यांचे टोक आधी जमिनीत पुरलेल्या सळईला जोडतो आणि मग लांब काठीने त्या साखळ्या तिन्ही तारांवर अडकवतो. अनेकांना तो वेळ काढतो आहे असे वाटते. त्या साखळ्या असल्या की कोणाच्या घरातून उलटी आलेली वीज वायरमनपर्यंत न पोचता सरळ जमिनीत जाते, आणि त्या घरातले जनित्र धडपडून बंद पडते.